राखणदाराच्या पोटात

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर आधीच माफी मागते. अक्षर पहिल्यापासून वाईट, आणि बोटांची पेरं धरल्यापासून तर ओळ सरळ राहतच नाही. तसं हे कुणी वाचेल असंही नाही. शेळ्यांच्या भेटी लिहायला मिळालेल्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती टाकवली नाहीत. शिवाय घरात बोलायला माणूस नसलं की वहीच बरी.

मी शेवंता. येरमाळ्यापासून शेतातल्या वाटेनं तासाभरावर आमचं गाव, आणि गावात विहाराच्या मागं माझी पत्र्याची खोली. मालक वारले त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. कागदावर मी पशुसखी आहे, बायका तेच म्हणतात. पुरुष चेष्टेनं 'शेळ्यांची डॉक्टरीण' म्हणतात, तेव्हा मी मान खाली घालून पुढं जाते. माणसांशी बोलताना माझा घसा कोरडा पडतो. शेळीशी बोलताना कधी पडला नाही.

हे लिहिते आहे ते हौसामुळं. हौसा माझ्या दोन घरं पलीकडं राहते. माझ्याच वयाची, आणि माझी एकुलती एक मैत्रीण. तिच्यापासून मी एक गोष्ट लपवली होती. सांगितली तर मैत्रीण जाणार आणि नाही सांगितली तर तिच्या मालकाचं बरंवाईट होणार, अशी पाळी माझ्यावर आली. ते सगळं एकदा नीट मांडून ठेवायचं आहे.

आधी कामाचं सांगते. तालुक्याला सरकारनं पाच दिवस पशुसखीचं काम शिकवलं. बाकीच्या बायका दहावी-बारावी झालेल्या, मी भिंतीकडेच्या खुर्चीवर अंग चोरून बसलेली. शेळीच्या पोटात आडवं आलेलं पिलू कसं फिरवायचं ते दाखवायला साहेबांनी रबराच्या पिशवीत बाहुली घातली आणि एकेकीला हात घालायला लावला. कुणी हसलं, कुणी लाजलं. मी डोळे मिटले, हात आत घातला आणि बाहुलीचे पाय धरून ती सरळ बाहेर काढली. साहेब म्हणाले, "तुमचा हात हलका आहे बाई." जन्मात मला कुणी असं काही म्हटलं नव्हतं. ते वाक्य मी बरीच वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

काम म्हणजे दारोदार जायचं, जंताचं औषध पाजायचं, लस टोचायची, खुरं कापायची, अडलेली शेळी सोडवायची. पैसे थोडे. कुणी शेंगा द्यायचं, कुणी नुसती भाकरी. गावात एक म्हातारबाबा होते. शेळीला जंताचं औषध पाजण्याआधी स्वतः बोटावर घेऊन चाटायचे. "मुक्या जनावराला काय पाजता ते आधी आपल्याला कळाया नको का?" मी तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा काही बोलले नाही. चाटून म्हणाले, "लई कडू हाय. मंजी खरं औषिद हाय." त्यांच्या शेळ्या चांगल्या जगल्या, आणि म्हातारबाबाही.

शिकवून झाल्यावर औषधांची पिशवी दिली, तिच्यात रबरी हातमोज्यांचं पाकीटही होतं. माझी मोठी चूक तिथं झाली. सरकारी वस्तू, पांढरीशुभ्र, तिला शेण-रक्त कसं लावायचं? मी ते पाकीट लुगड्याच्या घडीत घालून पेटीत ठेवलं. साहेब तपासणीला आले की काढून दाखवायचे, की पुन्हा पेटीत. वर माझा एक तोराही होता, की मोजे घातले तर पिलाचा पाय कुठला आणि मान कुठली हे बोटांना कळत नाही. सगळं उघड्या हातानं. पिलामागनं पडणारी वार पडली नाही तर तीही उघड्या हातानं ओढायची, आणि उकिरड्यावर नेऊन टाकायची.

माझ्याकडं मोरी नावाची शेळी होती. काळीभोर, लांब कानांची, दुधाला चांगली. ती चौथ्या महिन्यात गाभडली. पिलं पडली तेव्हा त्यांच्या अंगावर धड केसही आले नव्हते. मी म्हटलं, दुसरीनं शिंग मारलं असेल. मोरीला ताप नाही, खाणं सुटलं नाही. पंधरा दिवसांत ती पुन्हा पहिल्यासारखी उड्या मारायला लागली. पुढं पुन्हा गाभण गेली.

त्या उन्हाळ्यात माझं छप्पर गंजून फाटलं होतं. हौसाला एक शेळी हवी होती. ती म्हणाली, "दुसऱ्याकडची नगं बया. तुझ्या हातची दे, मंजी डोळं झाकून घेते." मी मोरी दिली. मागं गाभडली होती हे सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही, मी बोलले नाही. सांगितलं असतं तर भाव पडला असता. गावभर मीच सांगत होते की गाभडलेली शेळी दडवून विकू नका. ते माझ्या वहीत पहिल्या पानावर, माझ्याच वाकड्या अक्षरात लिहिलेलं आहे.

मोरी हौसाकडं वेळेवर व्याली. जुळी झाली, एक जगलं. मला हायसं वाटलं. मग हिवाळ्यात हौसाच्या दुसऱ्या शेळ्या एकामागून एक गाभडायला लागल्या. चार गाभडल्या. प्रत्येकीला मीच सोडवली, हात उघडे. आणि गावात एक बोलणं सुरू झालं. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, पण हातपंपावर मी गेले की गप्प व्हायचे. शेवंताचा हात लागला की शेळी गाभडते. हलका हात एका हिवाळ्यात वाईट झाला. मला बोलावणं बंद झालं.

त्याच सुमारास मला ताप यायला लागला. दिवसा बरं असायचं. सूर्य कलला की अंगावर काटा यायचा, मग ताप, मग घामानं पोलकं पिळून निघायचं. घामाला ओल्या कडब्यासारखा वास. सकाळी पुन्हा काही नाही. सकाळी बघणाऱ्याला वाटायचं, ही नाटकं करते. एका डॉक्टरांनी हिवताप म्हटलं, दुसऱ्यांनी टायफॉईड, तिसऱ्यांनी वाताचा ताप. सुया घेतल्या की आठ-दहा दिवस बरं, की पुन्हा तेच. पुढं कंबर धरली. उठताना भिंतीला हात लावून उठायचे. घरात एकटं माणूस आजारी असलं की पाण्याचा तांब्याही लांब जातो.

जवळ येत होती ती फक्त हौसा. संध्याकाळी भाकरी आणि आमटी घेऊन यायची. "खा गं. मरायच्या आधी माझा हिशेब दिऊन मर," म्हणायची, आणि माझे पाय चेपायची. हिशेब वगैरे काही नव्हता, ती तिची बोलायची रीत. एकदा म्हणाली, "तात्यास्नी बी कणकण येतीया बग सांजच्याला. शेतात जाईनात. भितीला टेकून बसत्यात." तात्या म्हणजे तिचे मालक. माझं तेव्हा तिकडं लक्षच गेलं नाही.

शेवटी धाराशिवच्या दवाखान्यात गेले. तिथं एक बाई डॉक्टर होत्या, तरुण. त्यांनी पोट दाबलं, कंबर दाबली, आणि मग आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं. "मावशी, तुम्ही काम काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवलं. "शेळ्या गाभडल्या होत्या का कुठं? तुम्ही हात लावला होता?"

मी माझ्या हातांकडं बघितलं आणि व्हय म्हटलं.

रक्त तपासायला गेलं. काही दिवसांनी पुन्हा बोलावलं. रोगाच्या जंतूचं नाव ब्रुसेला. शेळीत गाभ पडतो, माणसाला ताप येतो. माणसाचा माणसाला सहसा लागत नाही. गाभडलेल्या शेळीच्या वारेतून, रक्तातून, कच्च्या दुधातून येतो. आता मी मान वर करून विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला घरी जाववलं नसतं. "बाई, इतक्या सुया घेतल्या. मग त्यो मरत का न्हाय?"

त्यांना घाई होती, बाहेर रांग होती. तरी माझ्याच केसपेपरच्या मागं त्यांनी एक मोठा गोल काढला. "आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. बाहेरचा जंतू दिसला की त्या त्याला गिळतात. गिळून एका पिशवीत कोंडतात आणि त्या पिशवीत जाळणारा रस सोडतात. बाकीचे जंतू तिथंच विरघळतात. हा थोडा मार खातो, पण पुरता मरत नाही. आपली पिशवी रसाच्या वाटेवरून हळूच बाजूला नेतो." गोलाच्या आत त्यांनी एक छोटी खोली काढली. "पेशीचा स्वतःचा माल जिथं तयार होतो तिथं जाऊन बसतो. तिथं एकाचे दोन, दोनाचे चार."

"मग राखणदाराला कळत न्हाय?"

"हा त्याला मारत नाही, फार आरडाओरडही करू देत नाही. गपचूप राहतो. राखणदार जिथं फिरेल तिथं हा त्याच्या पोटात बसून फिरतो. मणक्यात, सांध्यांत, यकृतात, प्लीहेत. सुईनं बाहेरचे मरतात, ताप उतरतो. आतले राहतात. म्हणून दोन औषधं एकदम घ्यायची, आतपर्यंत पोचणारी. सहा आठवडे. बरं वाटलं तरी सोडायची नाहीत. आणि एका गोळीनं लघवी लाल होईल, घाबरू नका." मग म्हणाल्या, "ज्यांच्या घरी शेळ्या गाभडल्या, तिथं कुणाला ताप असेल तर आजच सांगा."

एसटीत खिडकीशी बसले आणि सगळं एका दोरीत ओवलं गेलं. मोरी. मग हौसाच्या चार शेळ्या. मग माझा ताप आणि तात्यांची कणकण. येरमाळ्याला उतरून चालत आले. हौसा दारातच होती. "काय म्हनली गं डॉक्टरीण?"

"अशक्तपना हाय," मी म्हटलं.

आठ दिवस मी गप्प राहिले. आठ दिवस माझ्या गोळ्या मी वेळेवर घेतल्या, माझी लघवी लाल झाली, माझा ताप उतरायला लागला, आणि दोन घरं पलीकडं तात्या भिंतीला टेकून बसले होते. रोज ठरवायचे, उद्या सांगू. सांगायचं म्हणजे मोरीचं सांगावं लागणार. मग भाकरी घेऊन कोण येणार? इतका हलका विचार मी केला.

नवव्या दिवशी हौसा तांब्या घेऊन आली. वर फेस होता. "पी. मोरीचं हाय, आत्ता काढलंय. तापवल्यावर त्यातलं सत्व जातंय. तात्यास्नी बी दोन टायम असंच धारोष्ण देते, ताकद याया पायजे की."

माझ्या हातात तांब्या तसाच राहिला. "हौसे, ते दूध तात्यास्नी दिऊ नगं."

"का? दिष्ट लागंल व्हय?"

"मोरी माझ्याकडं असताना गाभडली हुती. तुला द्यायच्या आदी."

ती हसली. तिला वाटलं मी तापात बोलते. मग मी सगळं सांगितलं. वार, हात, दवाखाना, तो गोल, तात्यांची कणकण. इतकं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. हौसा ऐकत राहिली. शेवटी तिनं रोगाचं काही विचारलं नाही.

"तुला ठाव हुतं ती गाभडलीया म्हनून?"

"व्हय. पर रोग हाय ते ठाव नव्हतं."

"रोगाचं न्हाय इचारत. गाभडल्याचं ठाव हुतं?"

"व्हय."

"गावाला सांगत फिरतीस, दडवून इकू नगा. आन मला दडवून इकलीस."

"छप्पर फाटलं हुतं, हौसे."

"मला म्हनली असतीस तर छपराला पैसं दिलं नसतं व्हय म्या?"

ती उठली. तांब्या तिथंच राहिला. ते दूध मी उकळून उकळून आटवलं आणि मग राखेत ओतलं. तांब्या घासून तिच्या ओट्यावर ठेवून आले.

दुसऱ्याच दिवशी तिनं तात्यांना दवाखान्यात नेलं. तोच रोग निघाला. जनावरांचे डॉक्टर आले, शेळ्यांचं रक्त घेतलं. हौसाच्या पाच शेळ्या बाधित निघाल्या, मोरी धरून. माझ्याकडची एकही नाही. तेही गावाला विचित्रच वाटलं. डॉक्टर म्हणाले, "जनावरात यावर इलाज करत नाहीत. विकू नका, दूध काढू नका. मारून पुरावं लागेल." खोल खड्डा, वर चुना. येरमाळ्याच्या यात्रेआधी शेळीला दुप्पट भाव असतो, एक जण कुजबुजला की रातोरात बाजाराला घाला, कुणाला कळतंय. हौसानं त्याच्याकडं असं बघितलं की तो निघून गेला. खड्ड्याकडं मात्र ती आली नाही. मोरीची दोरी मीच धरली. हातात मोजे होते. पेटीतून काढले तेव्हा घडीवर चिकटून पिवळे पडले होते. डॉक्टरांनी नवे दिले.

संध्याकाळी तात्या काठी टेकत माझ्या दारात आले. "शेवंताबाई, हौसा म्हनती मोरीचं पैसं परत कर. बाकीचं आमचं नशीब."

"पाचींचं देते, तात्या."

"कुटनं देशील?"

"देते."

तिसऱ्या आठवड्यात कळलं की तात्यांनी गोळ्या सोडल्या. बरं वाटत होतं, वर लाल लघवी बघून ते भ्याले होते. मी दुपारी हौसा शेतात गेलेली बघून गेले. माझ्या डब्यातला मूठभर हरभरा पदरात बांधून नेला. भुंगा लागलेला होता.

"तात्या, ह्यो दाना बगा. कसा हाय?"

"चांगला तर हाय की."

मी दातानं फोडला. आत पीठ आणि एक काळा भुंगा. "वरनं चांगला. उनात टाकलं की वरवरचं भुंगं पळत्यात. आतला तसाच बसतुया आन पुन्ना सगळा डबा खातुया. तुमचा ताप उतरलाय त्यो वरवरचा. आतलं आजून हायती."

तात्यांनी तो भुंगा बोटानं उचलला. "मंजी आमी भुंगा लागलेलं हरभरं म्हना की."

"म्या बी."

"आन लगवी?"

"माजी बी लाल हुती. त्यो गोळीचा रंग हाय, रगात न्हवं."

ते मोठ्यानं हसले. कितीतरी महिन्यांनी त्या घरात हसू ऐकलं. त्यांनी पुन्हा दवाखाना गाठला, औषधं पहिल्यापासून सुरू झाली आणि पुरी झाली. पाय थोडा ओढतात, पण शेतात जातात. मी सांगितलं होतं हे त्यांनी हौसाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

आता पैशांचं. खुरपायला गेले, सोयाबीन काढायला गेले, तुळजापूरला नवरात्रात एका लॉजवर चादरी धुतल्या. पशुसखीचं कामही हळूहळू सुरू झालं. आता मोजे घातल्याशिवाय मी शेळीला हात लावत नाही. वार पुरून टाकते. आणि प्रत्येक दारात, लाज वाटली तरी, विचारते, "घरात कुणाला सांजचा ताप येतो का?" एकदा ईट गावाकडच्या एका मेंढपाळाच्या बायकोनं व्हय म्हटलं. तिला घेऊन मी स्वतः धाराशिवला गेले. त्या बाई डॉक्टरांनी मला ओळखलं. "या, मावशी," म्हणाल्या. एवढी एक गोष्ट मी अभिमानानं लिहिते.

दर महिन्याला हौसाच्या ओट्यावर पैसे ठेवायचे, वर दगड ठेवायचा. दगड ठरलेला, गुळगुळीत, करड्या रंगाचा. ती घरात असायची. भांड्यांचा आवाज यायचा. मी थोडा वेळ उभी राहायचे, पदर सारखा करायचे, चप्पल झाडायचे. बाहेर कुणी यायचं नाही. दुसऱ्या दिवशी येताजाता बघितलं की पैसे उचललेले असायचे आणि दगड भिंतीशी, माझ्यासाठी ठेवल्यासारखा. दोन वर्षं तो दगड तेवढा आमच्यात बोलत होता.

शेवटचा हप्ता माझ्याकडं दिवाळीतच जमला होता. मी तो संक्रांतीपर्यंत डब्यात ठेवला, हरभऱ्याच्या खाली. तो दिला की त्या ओट्यावर जायला मला काही निमित्त उरणार नव्हतं.

परवा नेऊन ठेवला. दगड ठेवून वळले तोच कडी वाजली. हौसा दारात. केस बरेच पांढरे झालेत तिचे. तिनं दगड उचलला, नोटा घेतल्या, बोट ओलं करून माझ्यासमोर मोजल्या. सावकाश. मी उभी राहिले. मोजून झाल्यावर तिनं त्या कनवटीला लावल्या.

"फिटलं बग," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं.

तिला आणखी काही म्हणायचं होतं असं मला वाटलं. कदाचित वाटावंसं वाटलं. तिनं तो करडा दगड हातात फिरवला, पायऱ्या उतरून बांधापर्यंत गेली, आणि बाकीच्या दगडांत टाकून आली.